टोपीवरचा बगळा

आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला एक जुनी चिंच आहे. मृगाचा पाऊस पडला की तिच्यावर बगळे उतरतात. आधी दहा-वीस, मग शे-दीडशे. काटक्यांची ओबडधोबड घरटी, दिवसभर चाललेला कलकलाट आणि खाली सगळा पांढरा सडा. या वसाहतीला मराठीत 'सारंगागार' असा सुंदर शब्द आहे. खाली स्कूटर लावणारा माणूस मात्र वेगळेच शब्द वापरतो.

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात कोणीतरी तक्रार केली आणि एका सकाळी कुऱ्हाडी घेऊन माणसे आली. दोन तासांत अर्धी चिंच बोडकी झाली. पंख न फुटलेली पिल्ले डांबरी रस्त्यावर पडलेली होती आणि वर त्यांचे आईबाप घिरट्या घालत होते. शेजारच्या आळीतली सातवीतली मुलगी माझ्या बाजूला उभी होती. तिने विचारले, "काका, असं करायला बंदी नाहीये का?"

बंदी होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पक्ष्यांची घरटी आणि अंडी मोडणेसुद्धा शिकारीत मोडते. पण फांद्या तोडणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते, तोडायला सांगणाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही नीट आठवले नाही. कायदा दिल्लीत होता, चिंच आमच्या गावात होती.

त्या मुलीच्या प्रश्नामुळे मी पक्षीरक्षणाच्या कायद्यांचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता जिथे पोहोचलो ती जागा होती अमेरिकेतले बोस्टन शहर आणि साल होते १८९६. तिथे एका राज्यापुरती स्थापन झालेली पक्षीरक्षक संस्था आजही काम करते आहे. तिचे नाव मॅसॅच्युसेट्स ऑड्युबॉन सोसायटी. तिची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे, कारण तिची सुरुवात बगळ्यापासूनच झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची टूम निघाली होती. पिसे म्हणजे एखाद-दुसरे पीस नव्हे. पंख, शेपट्या, डोकी, कधी कधी पेंढा भरलेला अख्खा पक्षी टोपीवर बसवलेला असे. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीशास्त्रज्ञाने १८८६ साली न्यूयॉर्कच्या बाजारपेठेतून दोन फेरफटके मारले. पक्षी पाहायला माणसे रानात जातात, हे गृहस्थ बाजारात गेले. त्यांनी ७०० टोप्या मोजल्या. त्यांतल्या ५४२ टोप्यांवर पिसे होती आणि ती ओळखत ओळखत त्यांनी ४० जातींच्या पक्ष्यांची यादी केली.

या सगळ्यांत सर्वाधिक मागणी होती बगळ्याच्या तुऱ्याला. विणीच्या दिवसांत बगळ्याच्या पाठीवर रेशमाच्या धाग्यासारखी मऊ, झिरझिरीत पिसे फुटतात. नर-मादी एकमेकांसमोर ती फुलवून दाखवतात. वर्षाच्या इतर दिवसांत ही पिसे नसतात. म्हणजे तुरा हवा असेल तर बगळा विणीच्याच दिवसांत मारावा लागतो. त्या दिवसांत तो घरट्यापाशी असतो, पिल्लांना सोडून उडून जात नाही, त्यामुळे मारायलाही सोपा. शिकारी सारंगागारात शिरत, मोठे पक्षी टिपत, पाठीवरची कातडी सोलून घेत आणि कलेवरे तिथेच टाकून निघून जात. घरट्यातली पिल्ले उपाशी मरत. एका वर्षाचा तुरा मिळवण्यासाठी पुढची पिढीही संपवायची, असा हा धंदा होता.

त्याचा आकार किती होता? विल्यम हॉर्नडे या अमेरिकन निसर्गरक्षकाने १९१३ साली लंडनच्या पिसेबाजाराचा हिशेब मांडला. एकट्या १९०२ सालात तिथे बगळ्यांच्या तुऱ्यांची १,६०८ पुडकी विकली गेली, वजन ४८,२४० औंस. एक औंस म्हणजे जवळजवळ अडीच तोळे. तेवढ्या तुऱ्यांसाठी चार बगळे लागतात असे धरून त्याने उत्तर काढले, १,९२,९६० बगळे. मेलेली पिल्ले यात धरलेली नाहीत. या काळात तुऱ्यांचा भाव औंसाला ३२ डॉलरपर्यंत चढला होता. सोन्याचा भाव होता २० डॉलर ६७ सेंट.

हे थांबवावे असे वाटणारे लोक नव्हते असे नाही. १८८६ सालीच जॉर्ज बर्ड ग्रिनेल या संपादकाने आपल्या 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या नियतकालिकातून 'ऑड्युबॉन सोसायटी'ची हाक दिली. जॉन जेम्स ऑड्युबॉन हा पक्ष्यांचा प्रसिद्ध चित्रकार. लहानपणी ग्रिनेलला ऑड्युबॉनच्या विधवा पत्नीने, ल्यूसीने, शिकवले होते. म्हणून संस्थेला ते नाव. पक्षी मारणार नाही, अंडी गोळा करणार नाही, पिसे वापरणार नाही अशी शपथ लिहून पाठवायची, की झालात सभासद. वर्गणी नाही. बघता बघता सुमारे ३९ हजार लोकांनी शपथा लिहून पाठवल्या. आणि दोन-तीन वर्षांतच संस्था बंद पडली! एवढ्या पत्रव्यवहाराचा भार एका नियतकालिकाच्या कचेरीला पेलेना. तिकडे टोप्यांवरची पिसे होती तशीच राहिली.

या अपयशापाशी मी बराच रेंगाळलो. ३९ हजार माणसे थोडी नव्हेत. पण ती देशभर विखुरलेली होती. कोणी कोणाला ओळखत नव्हते. शपथ घेतलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी पिसांची टोपी घातली, तर तिला विचारणारे कोणी नव्हते. तिच्या शेजारणीला तर अशी काही शपथ असते हेही ठाऊक नव्हते. आपल्याकडे सह्यांच्या मोहिमा होतात, त्यांचे पुढे काय होते हे आपण जाणतोच.

आता दहा वर्षे पुढे, १८९६ च्या जानेवारीत येऊ. बोस्टनच्या बॅक बे या श्रीमंत वस्तीत हॅरिएट हेमेनवे नावाची बाई राहत होती. माहेर गिरणीमालक लॉरेन्स घराण्याचे, सासरही धनाढ्य. बगळ्यांच्या एका वसाहतीतल्या कत्तलीचे वर्णन तिच्या वाचनात आले. ती अस्वस्थ झाली आणि तिने नात्यातली बहीण मिना हॉल हिला बोलावून घेतले. दोघींनी बोस्टनमधल्या प्रतिष्ठित कुटुंबांची छापील यादी समोर घेतली. अशी यादी तिथे दरवर्षी निघत असे. कोणत्या घरातली बाई पिसांची टोपी घालत असेल याचा अंदाज घेत दोघींनी नावांवर खुणा केल्या आणि त्या बायकांना चहाला बोलवायला सुरुवात केली.

चहा, गप्पा आणि मग मुद्द्याची गोष्ट. 'तुमच्या टोपीवर जे आहे ते कुठून आले, माहीत आहे का?' एकीने दुसरीला समजवायचे, दुसरीने तिसरीला. आपल्याकडे हळदीकुंकवाच्या निमित्ताने जसे घराघरातून बायकांचे जाळे विणले जाते, तसेच हे. सुमारे नऊशे बायकांनी पिसे न वापरण्याचे ठरवले असे या संस्थेच्या इतिहासात सांगितले जाते. ग्रिनेलच्या ३९ हजारांपुढे नऊशे म्हणजे काहीच नव्हे. पण या नऊशे जणी एकाच शहरात राहत होत्या, एकमेकींच्या घरी जात होत्या, एकाच प्रार्थनामंदिरात रविवारी एकमेकींच्या टोप्या पाहत होत्या. आणि या बायका काय घालतात त्यावर बाकीचे शहर काय घालणार ते ठरत होते.

१० फेब्रुवारी १८९६ रोजी मॅसॅच्युसेट्स ऑड्युबॉन सोसायटी रीतसर स्थापन झाली. विल्यम ब्रूस्टर हे नामवंत पक्षीशास्त्रज्ञ पहिले अध्यक्ष झाले. कल्पना बायकांची आणि अध्यक्ष पुरुष, हे आज खटकते. त्यात व्यवहार होता. त्या काळी बायकांना मताचा अधिकार नव्हता, अमेरिकाभर तो मिळायला १९२० साल उजाडावे लागले. विधिमंडळात वजन पाडायचे तर पुरुषांची नावे हवी होती आणि पक्ष्यांविषयी बोलायचे तर शास्त्रज्ञ हवे होते. दोघी बहिणींनी ते बरोबर ओळखले होते.

संस्थेचे उद्दिष्ट साधे होते. वन्य पक्ष्यांची पिसे शोभेसाठी विकत घेण्यापासून लोकांना परावृत्त करणे आणि आपल्या राज्यातल्या पक्ष्यांचे रक्षण करणे. राज्यही लहानसेच. आपले पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले तर जेवढे होईल, साधारण तेवढे. सुरुवातीच्या वर्षांत संस्थेने शाळांसाठी पक्ष्यांचे रंगीत तक्ते छापले. मुलांना आधी पक्षी ओळखता आला पाहिजे, मग तो वाचवावासा वाटतो, हे त्यांना कळले होते.

दुसऱ्याच वर्षी एक गंमत झाली. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉर्ज हॉर यांनी राज्याच्या विधिमंडळासाठी एक विनंतीअर्ज लिहिला. अर्जदार होते राज्यातले पक्षी! आम्ही तुमच्या शेतातली कीड खातो, तुमच्यासाठी गातो आणि तुम्ही आम्हाला टोपीवर बसवण्यासाठी मारता, अशा आशयाचा तो अर्ज होता आणि खाली सह्या पक्ष्यांच्या होत्या. वर्तमानपत्रांना असे काही हवेच असते. १८९७ साली विधिमंडळाने वन्य पक्ष्यांच्या पिसांच्या व्यापाराविरुद्ध कायदा केला. संस्था स्थापन होऊन जेमतेम वर्ष झाले होते.

क्रम लक्षात घ्या. आधी नऊशे बायकांनी स्वतःच्या टोपीवरची पिसे काढली, मग कायदा झाला. 'सरकारने बंदी घालावी, मग आम्ही सोडू' असे त्यांनी म्हटले नाही.

मॅसॅच्युसेट्सचे पाहून इतर राज्ये उठली. १८९६ सालीच पेनसिल्व्हेनियात संस्था निघाली आणि १८९८ पर्यंत डझनाहून अधिक राज्यांत अशा ऑड्युबॉन सोसायट्या झाल्या. प्रत्येक आपापल्या राज्यापुरती. ग्रिनेलची देशव्यापी संस्था कोसळली होती, या मात्र खालून वर वाढत गेल्या. १९०५ साली त्यांच्यातून राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज ती नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी म्हणून ओळखली जाते आणि तिच्या बोधचिन्हावर मोठा बगळा आहे. मॅसॅच्युसेट्सची मूळ संस्था मात्र आजतागायत स्वतंत्र आहे.

पण राज्यापुरत्या कायद्याची एक अडचण होती. पक्षी राज्याची सीमा ओळखत नाही. उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये दिसणारा पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला जातो. पिसेही रेल्वेने कुठूनही कुठेही जात होती. म्हणून १९०० साली आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांच्या पुढाकाराने केंद्रीय कायदा झाला. एका राज्यात बेकायदा मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात नेणे हा त्याने गुन्हा ठरला. १९१३ साली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठी दुसरा कायदा झाला, त्याच्या दोन प्रवर्तकांपैकी एक, जॉन वीक्स, मॅसॅच्युसेट्सचेच. त्याच वर्षी वन्य पक्ष्यांच्या पिसांच्या आयातीवरही बंदी आली.

काही राज्ये चिडली. आमच्या हद्दीतल्या पक्ष्यांवर केंद्राचा काय अधिकार, असा सवाल करून लोक कोर्टात गेले आणि खालच्या कोर्टांनी १९१३ चा कायदा घटनाबाह्य ठरवला. मग सरकारने वेगळी वाट काढली. १९१६ साली कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी स्थलांतरित पक्ष्यांबाबत करार केला आणि तो अमलात आणण्यासाठी १९१८ साली नवा कायदा केला. त्यालाही मिसुरी राज्याने आव्हान दिले. १९२० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल केंद्राच्या बाजूने दिला. आज इथे आणि उद्या दुसऱ्या राज्यात असणाऱ्या पक्ष्यावर एकट्या राज्याची मालकी कशी सांगता येईल, हा त्या निकालाचा गाभा. तो लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स हे जन्माने बोस्टनचे. चहाच्या टेबलावर सुरू झालेली गोष्ट २४ वर्षांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली होती.

ही वाट सरळ नव्हती आणि रक्ताशिवायही नव्हती. फ्लोरिडाच्या दलदलीत बगळ्यांच्या वसाहती राखण्यासाठी १९०२ साली गाय ब्रॅडली नावाच्या तरुणाला रक्षक नेमले. पगार महिना ३५ डॉलर, आणि तोही ऑड्युबॉनच्या लोकांनी जमवलेल्या पैशातून. हा ब्रॅडली स्वतः लहानपणी पिसांसाठी पक्षी मारत असे. त्या भागातल्या गरीब माणसाला तो एक रोजगार होता. त्याने तो सोडला आणि रक्षक झाला. जुलै १९०५ मध्ये शिकाऱ्यांना अडवायला तो एकटाच होडी घेऊन गेला आणि गोळी लागून मेला. त्याला गोळी घालणाऱ्यावर खटला भरण्याइतका पुरावा नाही, असे ग्रँड ज्युरीने ठरवले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९०० च्या सुमारास अमेरिकेत टोप्यांच्या धंद्यावर सुमारे ८३ हजार लोकांचे पोट होते, त्यांत बहुतेक बायका. 'पक्षी वाचवाल, मग आमचे काय?' हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. श्रीमंत बाईने पिसे सोडली तर तिचे काही बिघडत नाही, टोपी शिवणारणीचे बिघडते. प्रत्यक्षात टोप्या चालू राहिल्या, त्यांच्यावर पिसांऐवजी फिती, फुले आणि कोंबड्याची, शहामृगाची पिसे आली. शहामृगाची पिसे त्याला न मारता काढता येतात. पुढे पहिल्या महायुद्धानंतर केस आखूड झाले, टोप्या लहान झाल्या आणि फॅशनच बदलली. म्हणजे सगळे श्रेय कायद्याचे नाही, काही फॅशनचेही आहे. पण फॅशन बदलेपर्यंत बगळे शिल्लक राहिले ते या लोकांमुळे.

बंदी झाली, आता संस्थेचे काम संपले, असे कोणालाही वाटले असते. मॅसॅच्युसेट्सवाल्यांना दुसरी गोष्ट दिसू लागली होती. पक्षी मारला नाही तरी त्याला राहायला जागा लागते. १९१६ साली शॅरन गावात मूस हिल इथे संस्थेचे पहिले अभयारण्य सुरू झाले. तेव्हापासून जमीन मिळवणे, ती राखणे आणि लोकांना तिथे नेऊन दाखवणे हे संस्थेचे मुख्य काम झाले. आज तिच्या संरक्षणाखाली ४० हजार एकरांहून अधिक जमीन आहे.

जागा राखूनही सगळे साधतेच असे नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मार्थाज् व्हिनयार्ड बेटावर 'हीथ हेन' नावाचा एक रानकोंबडा होता. जगात फक्त तिथेच उरलेला. १९०८ साली राज्याने त्याच्यासाठी राखीव क्षेत्र केले तेव्हा शंभरही पक्षी नव्हते. संरक्षण मिळाल्यावर संख्या वाढत सुमारे दोन हजारांवर गेली. सगळे खूश. १९१६ साली विणीच्याच दिवसांत वणवा लागला. घरट्यावर बसलेल्या माद्या जळाल्या. पाठोपाठ कडक हिवाळा, शिकारी पक्षी आणि रोगराई. १९२८ च्या अखेरीस एकच नर उरला. तो दर वसंतात आपल्या नाचाच्या जागी येई आणि त्याच्या हाकेला ओ द्यायला कोणी नसे. ११ मार्च १९३२ नंतर तो कोणाला दिसला नाही. कायदा होता, राखीव जागा होती, माणसांची मायाही होती. पण सगळे पक्षी एकाच टोपलीत होते आणि मदत पोहोचायला उशीर झाला होता.

याच राज्यातून पुढे आणखी एक हाक निघाली. डक्सबरी गावच्या ओल्गा हकिन्स या बाईंच्या आवारात डासांसाठी विमानातून डीडीटी फवारल्यानंतर पक्षी मरून पडले. त्यांनी जानेवारी १९५८ मध्ये बोस्टनच्या वर्तमानपत्राला संतापून पत्र लिहिले आणि त्याची प्रत आपली मैत्रीण रेचल कार्सन हिला पाठवली. कार्सनने १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक लिहिले, त्यामागच्या कारणांत हे एक पत्र होते.

आज ही संस्था काय करते? केप कॉडच्या वाळूत घरटी करणारा 'पायपिंग प्लव्हर' नावाचा चिलखा घ्या. मुठीएवढा, वाळूच्याच रंगाचा, पायाखाली आला तरी कळणार नाही असा. १९८० च्या दशकाच्या मध्यावर राज्यात त्याच्या दोनशेहूनही कमी जोड्या होत्या. संस्थेची आणि इतर गटांची माणसे विणीच्या दिवसांत किनाऱ्यावर दोऱ्या बांधतात, पाट्या लावतात, फिरायला येणाऱ्यांशी हुज्जत न घालता बोलतात. आता जोड्या हजाराच्या वर गेल्या आहेत. हिवाळ्याच्या तोंडाला गारठून किनाऱ्यावर लागणारी कासवेही हेच लोक शोधतात. स्वयंसेवक रात्री-अपरात्री, बोचऱ्या वाऱ्यात किनारा पालथा घालतात. ही बहुतेक 'केम्प्स रिडले' जातीची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ऑलिव्ह रिडलेची सख्खी चुलत भावंडे. वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी राखली, ती पाहिलेल्यांना केप कॉडचे हे लोक परके वाटणार नाहीत.

संस्थेच्या नावाचा एक काटा अजून सलतो आहे. ऑड्युबॉन हा गुलाम बाळगणारा माणूस होता. चित्रे काढण्यासाठी तो पक्षी मारतही असे. अलीकडे अमेरिकेत यावर बरीच चर्चा झाली. काही शहरांतल्या संस्थांनी ते नाव टाकले, राष्ट्रीय संस्थेने २०२३ साली ते कायम ठेवायचे ठरवले. शंभरावर वर्षे जुन्या संस्थेला आपले नावही पुन्हा तपासून पाहावे लागते.

तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध? संबंध थेट आहे. लंडनच्या त्या बाजारात हिंदुस्थानातूनही पिसे जात होती. १९०२ साली इथल्या सरकारने वन्य पक्ष्यांची कातडी आणि पिसे निर्यात करायला बंदी घातली. पण लंडनच्या बाजाराचे दार उघडेच होते. ब्रिटनमध्ये आयातबंदीचा कायदा व्हायला १९२१ साल उजाडले. मधल्या काळात चोरटा व्यापार चालू राहिला. सिंध प्रांतात तर बगळे पाळून त्यांचे तुरे काढण्याचा उद्योगही होता. विकत घेणारा आहे तोवर विकणारा वाट काढतोच. बोस्टनच्या त्या दोघींनी नेमके घेणाऱ्यालाच गाठले होते.

आता आमच्या चिंचेकडे परत येतो. ही गोष्ट वाचून झाल्यावर मी तक्रारअर्ज लिहायला बसलो होतो. पोलीस, वनखाते, वर्तमानपत्र अशी यादीही केली होती. मग तो कागद बाजूला ठेवला. त्या सातवीतल्या मुलीला आणि तिच्या आईला बरोबर घेतले आणि चिंचेखालच्या सात दुकानांत आणि मागच्या अकरा घरांत गेलो. बहुतेक ठिकाणी चहा झाला. काही ठिकाणी ऐकूनही घ्यावे लागले. "वास तुम्हाला येत नाही, आम्हाला येतो," असे एक आजी म्हणाल्या. खरेच होते ते. मोटारसायकली उभ्या करायला दुसरी जागा ठरली. चहावाल्याच्या टपरीवर आम्ही वर्गणी काढून ताडपत्री बांधली. जून ते ऑक्टोबर फांद्यांना हात लावायचा नाही, छाटणी करायचीच तर दिवाळीनंतर, असे ठरले. ज्यांच्या हातात कुऱ्हाडी होत्या त्यांनाही आम्ही जाऊन भेटलो. ते म्हणाले, "आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर?"

दोन पावसाळे बगळे कमी आले. तिसऱ्या वर्षी उरलेल्या निम्म्या झाडावर पुन्हा दाटी झाली. ती मुलगी आता कॉलेजात जाते. दर वर्षी पहिले घरटे बांधायला घेतलेले दिसले की ती मला फोन करते आणि आम्ही दोघे सातही दुकानांत पुन्हा एकदा जाऊन येतो. दर वर्षी जावेच लागते, कारण दुकाने तीच असली तरी माणसे बदलतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)